सूज चढते, सूज उतरते



शाळेतल्या माझ्या सरांच्या स्मृतीप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानासाठी समितीचं पत्र आलं, तेव्हा मला विषय शोधावा लागला नाही. तो सरांनीच पन्नासहून जास्त वर्षांपूर्वी मला दिला होता, आणि त्या वेळी मला त्याचं उत्तर देता आलं नव्हतं.

मी सहावीत होतो. बांधावरून पळताना बाभळीचा काटा टाचेत घुसला आणि आतच मोडला. आईने सुई दिव्याच्या ज्योतीवर धरून टाच कोरून पाहिली, पण काटा खोल गेला होता. दुसऱ्या दिवशी टाच लाल झाली, मग फुगली, मग रात्रभर ठणकायला लागली. आई कणकेत हळद घालून पोटीस करायची आणि सोसवेल इतकं गरम असताना फडक्यात बांधायची. चौथ्या दिवशी सुजेच्या मधोमध पिवळा ठिपका दिसायला लागला. आजीने बोट लावून पाहिलं आणि म्हणाली, “पिकलंय आता. आपसूक फुटंल.” ते फुटलं दुसऱ्या दिवशी, शाळेत, सरांच्याच तासाला. पू वाहिला आणि पुवाबरोबर काटाही बाहेर आला.

मी घाबरून पाय बाकाखाली लपवला होता. सरांनी मला पुढे बोलावलं, पाय धुऊन दिला, आणि पुवाचा एक थेंब काचेच्या पट्टीवर घेऊन शाळेतल्या एकुलत्या सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. आम्ही एकेक जण डोळा लावून पाहिलं. रवा पसरल्यासारख्या दाणेदार, गोल पेशीच पेशी. सर म्हणाले, “या रक्तातल्या पांढऱ्या पेशी आहेत. मला एवढं सांगा, काटा आत गेला ते भोक तर पहिल्याच दिवशी बुजलं होतं. मग याला बाहेर यायला कातडी कुणी कापली?”

वर्गात कुणालाच सांगता आलं नाही. पुढे मी पॅथॉलॉजिस्ट झालो, जन्मभर काचपट्ट्या पाहिल्या, आणि आज या प्रश्नाचं जमेल तेवढं उत्तर घेऊन इथे उभा आहे.

उत्तर थोडक्यात असं, की कातडी त्या पेशींनीच विरघळवली. माझ्याच पेशींनी माझंच मांस विरघळवलं आणि काट्याला वाट करून दिली. आपल्या भाषेने त्या विरघळण्याला फार नेमका शब्द ठेवला आहे. गळू ‘पिकतं’. घट्ट, कच्चं होतं ते मऊ होतं आणि फुटतं. सुश्रुतसंहितेत व्रणशोथाच्या आम, पच्यमान आणि पक्व अशा तीन अवस्था सांगितल्या आहेत. कच्चं गळू कापणारा आणि पिकलेल्या गळवाकडे दुर्लक्ष करणारा, अशा दोन्ही वैद्यांना सुश्रुताने दोष दिला आहे. रोमन लेखक सेल्सस याने पहिल्या शतकात सुजेची चार लक्षणं लिहून ठेवली: लाली, फुगवटा, उष्णता आणि वेदना. आजही वैद्यकाचा विद्यार्थी ती पाठ करतो. माझी टाच या चारही परीक्षांना उतरली होती. पण सुजेच्या आत नेमकं कोण काय करतं, हे कळायला एकोणिसावं शतक उजाडावं लागलं.

आणि ते कळलं तेही काट्यामुळेच. १८८२ साली इल्या मेचनिकॉव्ह हा रशियन प्राणिशास्त्रज्ञ सिसिली बेटावरच्या मेसिना गावी राहत होता. घरची सगळी मंडळी सर्कशीतली माकडं पाहायला गेली होती. हा एकटाच घरी, तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लांतल्या हिंडत्या पेशी सूक्ष्मदर्शकातून पाहत बसला होता. त्याच्या मनात आलं, की या पेशी शरीराचं रक्षण करत असतील, तर अंगात काही रुतवल्यावर त्या तिथे गोळा झाल्या पाहिजेत. घराच्या छोट्या बागेत जाऊन त्याने गुलाबाचे काटे आणले आणि त्या पिल्लांच्या अंगात खुपसले. रात्री त्याला झोप आली नाही. पहाटे पाहतो, तर काट्याभोवती पेशींचा गराडा पडलेला होता. परकं दिसेल ते गिळणाऱ्या पेशींची कल्पना तिथून उभी राहिली. १९०८ मध्ये त्याला पॉल एर्लिक यांच्याबरोबर नोबेल पारितोषिक मिळालं. त्याआधी १८६७ मध्ये यूलिउस कोनहाइम या जर्मन पॅथॉलॉजिस्टने बेडकाच्या आतड्याच्या पातळ पडद्यावर पांढऱ्या पेशी रक्तवाहिनीच्या भिंतीला चिकटताना आणि भिंतीतून बाहेर निसटताना प्रत्यक्ष पाहिल्या होत्या. पू हा रक्तातून येतो, हे त्याने दाखवलं. का येतो, हे मेचनिकॉव्हने सांगितलं.

त्याच्यापासून आपण शाळेत ‘पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे सैनिक’ असं शिकत आलो. मला ही उपमा नुकसानकारक वाटते, आणि हे मी विचार करून म्हणतो आहे. सैनिक म्हटलं की शत्रू आणि मित्र आले. मग या पेशींकडून आपल्या शरीराची हानी झाली, की ती फितुरी किंवा चूक वाटते. रुग्ण मला विचारायचे, “डॉक्टर, माझ्याच पेशी माझ्यावर का उलटल्या?” त्या उलटलेल्या नसतात. त्या तेच करत असतात, जे माझ्या टाचेत करत होत्या.

सुजेच्या जागी सगळ्यात आधी पोहोचते ती न्यूट्रोफिल नावाची पेशी. तुम्ही रक्त तपासलंत की अहवालात पांढऱ्या पेशींची एकूण संख्या असते. घनमिलिमीटरला साधारण ४,००० ते ११,०००. त्यांच्यातला मोठा वाटा न्यूट्रोफिलचा असतो. हाडांच्या मगजात या पेशी रोज सुमारे १०,००० कोटी तयार होतात. इतक्या मोठ्या संख्येने घडणारी पेशी फार थोडं जगते. रंगवलेल्या काचपट्टीवर तिचं केंद्रक तीन-चार गाठी मारलेल्या दोऱ्यासारखं दिसतं आणि अंगभर बारीक कण दिसतात. सगळी गोष्ट त्या कणांची आहे.

पेशी जंतू गिळते, तेव्हा तो एका पिशवीत बंद होतो आणि हे कण त्या पिशवीत रिकामे होतात. दोन प्रकारचा मारा होतो. पहिला रासायनिक. पेशी ऑक्सिजनपासून अतिशय झोंबरी द्रव्यं बनवते आणि मायलोपेरॉक्सिडेज नावाचं विकर त्यांच्यापासून हायपोक्लोरस आम्ल तयार करतं. हे नाव अपरिचित वाटेल, पण वस्तू तुमच्या ओळखीची आहे. पावसाळ्यात ग्रामपंचायतीचा माणूस विहिरीत टीसीएल पावडर टाकतो, तेव्हा पाण्यात जंतू मारायचं काम हेच आम्ल करतं. आपण विहिरीत पावडर टाकतो आणि न्यूट्रोफिल ती आपल्या पोटात तयार करते. हे विकर स्वतः हिरव्या रंगाचं आहे. पुवाला आणि सर्दीच्या चौथ्या-पाचव्या दिवशी पडणाऱ्या बेडक्याला जी हिरवट झाक असते, ती बरीचशी त्याची.

दुसरा मारा पाचकांचा. इलॅस्टेज, कोलॅजेनेज अशी प्रथिनं कापणारी विकरं त्या कणांत असतात. इलॅस्टिन म्हणजे ज्याच्यामुळे कातडी ताणून सोडली की पूर्ववत होते आणि फुप्फुस श्वासागणिक आकसतं, तो लवचीक धागा. इलॅस्टेज तो धागा कापतं. माझ्या टाचेची कातडी अशाच विकरांनी आतून कुरतडली होती. ‘पिकणं’ म्हणजे हे.

आता सरांच्या प्रश्नातला खरा गाभा येतो. हायपोक्लोरस आम्लाला जंतू कोणता आणि आपलं मांस कोणतं हे कळायची सोय नाही. इलॅस्टेजला तर आपला धागाही चांगलाच मानवतो. या पेशींकडे निवडून मारणारं हत्यार नाहीच. मग रोज १०,००० कोटी अशा पेशी अंगात हिंडत असताना आपण शाबूत कसे राहतो? कारण हत्याराभोवती कुंपणं आहेत. मारा पिशवीच्या आत होतो, हे पहिलं कुंपण. पिशवीबाहेर विकर सांडलंच, तर रक्तात त्याला ताबडतोब धरून निकामी करणारी प्रथिनं असतात, हे दुसरं. तिसऱ्या कुंपणाकडे मी शेवटी येणार आहे, कारण माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं तेच आहे आणि सगळ्यात कमी बोललं जातं तेही त्याच्याविषयीच.

दुसऱ्या कुंपणाची ओळख झाली ती स्वीडनमधल्या माल्मो इथे, १९६३ मध्ये. कार्ल-बर्टिल लॉरेल हे रक्तातली प्रथिनं कागदाच्या पट्ट्यांवर वेगळी करून पाहत असत. सुमारे दीड हजार नमुन्यांपैकी पाच पट्ट्यांवर एक नेहमीचा पट्टा गायब होता. लॉरेल आणि त्यांचे तरुण सहकारी स्टेन एरिक्सन यांनी ती माणसं शोधून काढली. पाचपैकी तिघांची फुप्फुसं ऐन तरुणपणी फुगून ढिली पडलेली होती. हवा आत जायची, पण बाहेर लोटायला जोर नव्हता. गायब असलेलं प्रथिन यकृतात तयार होणारं अल्फा-वन अँटिट्रिप्सिन होतं आणि इलॅस्टेजला आवरणं हे त्याचं मुख्य काम. कुंपण नसल्यामुळे त्या माणसांच्या न्यूट्रोफिलनी वर्षानुवर्षं, रोज थोडं थोडं, फुप्फुसाचे धागे कापले होते. त्याच सुमारास अमेरिकेत उंदरांच्या फुप्फुसात पपेन घालून पाहिलं, तर फुप्फुसाची तशीच अवस्था झाली. पपेन म्हणजे कच्च्या पपईच्या चिकातलं विकर. मटण लवकर शिजावं म्हणून कच्च्या पपईचा कीस चोळून ठेवतात, तो ज्याच्यामुळे गुण देतो तेच हे.

हा जन्मजात दोष आपल्याकडे क्वचित दिसतो. पण विडी आणि सिगारेट हा दोष निरोगी माणसात निर्माण करतात, आणि दोन्ही बाजूंनी करतात. धूर फुप्फुसात न्यूट्रोफिल ओढून आणतो, आणि धुरातली द्रव्यं अँटिट्रिप्सिनच्या रेणूवरची इलॅस्टेजला पकडणारी जागाच बिघडवून टाकतात. कापणारे वाढतात आणि आवरणारे लुळे पडतात. चुलीच्या धुरात हयात काढलेल्या बायकांची दमणूक आपण वयावर ढकलतो, तेव्हा हे चित्र डोळ्यांसमोर आणावं अशी माझी विनंती आहे.

पहिलं कुंपण कोसळतं ते वेगळ्या तऱ्हेने. पेशीला गिळता येण्यासारखी वस्तू असली तर ती पिशवीत बंद होते. वस्तू पेशीपेक्षा मोठी असली, किंवा एखाद्या पृष्ठभागाला चिकटलेली असली, तर? पेशी गिळायला तोंड उघडते, मिटू शकत नाही, आणि कण बाहेरच रिकामे होतात. काट्याचं तसंच झालं होतं. मूत्रपिंडाच्या गाळणीच्या पडद्यावर चिकटलेल्या प्रतिपिंडांच्या थरावर, संधिवातात सांध्याच्या कूर्चेवर असंच घडतं. काही वेळा न्यूट्रोफिल मरताना आपलं डीएनए जाळ्यासारखं बाहेर फेकते आणि त्या जाळ्याला ही सगळी विकरं लटकलेली असतात. बर्लिनच्या संशोधकांनी हे २००४ मध्ये पहिल्यांदा दाखवलं. जंतू जाळ्यात अडकतात, आणि जवळच्या रक्तवाहिनीचं अस्तरही भाजून निघतं.

गाऊटचं उदाहरण मात्र जरा थांबून सांगण्यासारखं आहे. पायाचा अंगठा मध्यरात्री असा पेटतो, की पांघरुणाचा स्पर्श सोसवत नाही. सांध्यात युरिक आम्लाचे सुईसारखे स्फटिक असतात आणि सगळे म्हणतात, ‘सुया टोचतात.’ १९६२ मध्ये अमेरिकेतले दोन डॉक्टर, फेअर्स आणि मॅकार्टी, यांनी हे स्फटिक स्वतःच्याच गुडघ्यांत टोचून घेतले आणि काही तासांत दोघांचे गुडघे सुजून असह्य दुखू लागले. म्हणजे स्फटिकांनी सूज येते हे सिद्ध झालं. पण १९६६ मध्ये फेल्प्स आणि मॅकार्टी यांनी कुत्र्यांच्या रक्तातल्या न्यूट्रोफिल औषधाने जवळजवळ नाहीशा केल्या आणि मग सांध्यात तेच स्फटिक घातले. सूज आली नाही. रक्तात पेशी पुन्हा भरल्यावर आली. सुया होत्या तशाच होत्या. आग लागत होती ती सुया गिळायला आलेल्या पेशींमुळे. गाऊटवर शतकानुशतकं दिलं जाणारं कोल्चिसीन न्यूट्रोफिलची हालचाल मंदावतं. युरिक आम्लाला ते हातही लावत नाही.

इथपर्यंत ऐकून कुणालाही वाटेल, की मग या पेशींना रक्तवाहिनीतून बाहेरच पडू देऊ नये. निसर्गाने हा प्रयोग करून ठेवलेला आहे, आणि त्याचा एक धागा मुंबईशी जोडलेला आहे.

१९५२ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त सापडलं, जे ए, बी आणि ओ या तिन्ही गटांच्या रक्ताशी जुळत नव्हतं. ‘लॅन्सेट’मध्ये ते प्रसिद्ध झालं आणि जगाने त्याला ‘बाँबे रक्तगट’ हे नाव दिलं. आपल्या सगळ्यांच्या तांबड्या पेशींवर जी एक साखळी असते, तिच्या टोकाची फ्यूकोज नावाची साखर या लोकांत नसते. बाकी ही माणसं ठणठणीत असतात. अडचण येते ती रक्त चढवायची वेळ आल्यावरच. पुढे १९९२ मध्ये इस्राएलमध्ये दोन मुलं सापडली. रक्तगट बाँबे, पण ही मुलं ठणठणीत नव्हती. त्यांना सारखे जंतुसंसर्ग होत. रक्तात पांढऱ्या पेशींची संख्या प्रचंड, आणि जखमेत पू नाही. त्यांचं शरीर फ्यूकोज कुठेच लावू शकत नव्हतं. न्यूट्रोफिल रक्ताच्या वेगात वाहत असताना सुजेच्या जागी भिंतीला ज्या अंकुशांनी अडकते आणि घरंगळत थांबते, त्या अंकुशांच्या टोकालाही हीच साखर लागते. ती नाही, तर पेशी नदीतल्या ओंडक्यासारखी पुढे वाहत जाते. जर्मनीत अशा एका मुलाला पुढे फ्यूकोज तोंडावाटे दिलं, तेव्हा त्याचे जंतुसंसर्ग कमी झाले.

पू न होणारी जखम म्हणजे चांगली जखम, असं कुणाला वाटत असेल तर या मुलांची आठवण ठेवावी. २०२१ च्या उन्हाळ्यात आपण महाराष्ट्रात याचंच दुसरं रूप पाहिलं. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२० मध्ये, ब्रिटनमधल्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवलं होतं, की कोविडच्या ज्या रुग्णांना व्हेंटिलेटर लागला आहे, त्यांना डेक्सामेथासोन हे स्वस्त स्टेरॉइड दिलं तर मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात. त्या रुग्णांची फुप्फुसं विषाणूपेक्षा जास्त सुजेने भरलेली होती. पण त्याच चाचणीने हेही सांगितलं होतं, की ज्यांना ऑक्सिजनसुद्धा लागत नाही, त्यांना या औषधाने फायदा होत नाही. डोस होता दिवसाला ६ मिलिग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ती दुसरी ओळ घाईत वाचायची राहून गेली. घरी बसलेल्या, ताप आलेल्या माणसांना पहिल्या दिवसापासून स्टेरॉइड मिळालं, जास्त मिळालं, जास्त दिवस मिळालं. रक्तातली साखर चढली. एरवी ज्या बुरशीला न्यूट्रोफिल नाकातच संपवतात, ती बुरशी डोळ्यापर्यंत आणि जबड्यापर्यंत पोहोचली. त्या महिन्यांत काढलेल्या जबड्यांचे तुकडे मी तपासले आहेत. बुरशीचे रुंद, फितीसारखे धागे रक्तवाहिनीत घुसलेले, आणि जिथे न्यूट्रोफिलची दाटी असायला हवी तिथे तुरळक पेशी. त्या काचपट्ट्या मला अजून विसरता येत नाहीत.

आता तिसऱ्या कुंपणाकडे येतो.

प्रतिजैविकं येण्यापूर्वीच्या काळात न्यूमोकॉकस जंतूचा न्यूमोनिया झालेला तरणा माणूस सातव्या ते नवव्या दिवसापर्यंत तापाने फणफणत असे. मग एका रात्री दरदरून घाम सुटे, ताप उतरे आणि माणूस वाचे, किंवा दगावे. वाचला नाही त्याचं फुप्फुस शवविच्छेदनात यकृतासारखं घट्ट लागे. हवेचा प्रत्येक फुगा न्यूट्रोफिलनी ठासून भरलेला असे. तशी काचपट्टी पहिल्यांदा पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मी नेहमी विचारायचो, की हा माणूस वाचला असता तर हे फुप्फुस कसं झालं असतं? तो म्हणायचा, “वण पडून खराब.” इतकी विकरं, इतकं आम्ल, दुसरं काय होणार? पण बहुतेक वेळा ते फुप्फुस पहिल्यासारखं होतं. एकाही फुग्याची भिंत न मोडता. मला वैद्यकात याच्याइतकी थक्क करणारी गोष्ट दुसरी माहीत नाही.

हे घडतं कारण बहुतेक न्यूट्रोफिल फुटत नाहीत. काम झालं की पेशी आतल्या आत मिटते, आकसते, कण आपल्या अंगातच ठेवून मरते, आणि मेल्याची खूण म्हणून पृष्ठभागावर एक वेगळा रेणू बाहेर काढते. मग मॅक्रोफेज नावाची मोठी पेशी येते आणि तिला अख्खी गिळते. १९८९ मध्ये जॉन सॅव्हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट दाखवलं. त्यानंतर कळलं, की असं प्रेत गिळलेली मॅक्रोफेज स्वतः बदलते. सूज वाढवणारे निरोप पाठवणं थांबवते आणि दुरुस्तीचे निरोप पाठवू लागते. बोस्टनमध्ये चार्ल्स सेरहान यांना सूज उतरत असताना तयार होणारे वेगळे रेणू सापडले. सूज विझत नाही, ती विझवली जाते, हे त्यातून स्पष्ट झालं.

आपण बोलताना ‘सूज उतरली’ म्हणतो, जणू पाणी ओसरलं. उतरणं हे चढण्याइतकंच कष्टाचं काम आहे आणि नुकसान किती होणार हे बरंचसं तिथे ठरतं. न्यूट्रोफिल आली म्हणून फुप्फुस मोडत नाही. आलेली पेशी वेळेवर उचलली गेली नाही, तर ती सडते, फुटते, आणि पोटातलं सगळं आजूबाजूला सांडतं. त्यातून आणखी पेशी बोलावल्या जातात. हिरड्यांच्या जुनाट सुजेत हेच वर्षानुवर्षं चालतं, दातांखालचं हाड झिजतं आणि दात हलतात. रोज सकाळी ब्रशवर रक्त दिसतं आणि आपण पेस्ट बदलतो.

फुप्फुसाला वेळ मिळतो. नसेला तो मिळत नाही, आणि इथे मला कुष्ठरोगाविषयी बोललंच पाहिजे. वडाळ्याचं ॲकवर्थ रुग्णालय, वर्ध्याजवळचं दत्तपूर, वरोऱ्याचं आनंदवन ही नावं आपल्या घरांत आदराने घेतली जातात. पण वाकडी झालेली बोटं आणि बधिर हात जंतूने खाल्ले, असंच आपण समजत आलो. कुष्ठरोगाचा जंतू अतिशय मंद आहे. तो नसांत शिरून बसतो, आणि नसेचं सगळ्यात वेगाने होणारं नुकसान होतं ते शरीराला त्याची जाग आल्यावर. कार्यकर्ते त्याला ‘रिॲक्शन आली’ म्हणतात. एका प्रकारात लिम्फोसाइट आणि मॅक्रोफेज या पांढऱ्या पेशी नसेत दाटतात. दुसऱ्या प्रकारात कातडीखाली दुखऱ्या लाल गाठी येतात आणि त्यांच्यात न्यूट्रोफिल सापडतात. गंमत नव्हे, दुःख असं की हे बरेचदा उपचार सुरू असताना होतं. औषधाने जंतू मेलेले असतात, पण त्यांचे अवशेष नसेत पडून असतात आणि पेशी त्यांच्यावर तुटून पडतात.

कोपराच्या मागे, जिथे टेकवताना आपटलं की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, तिथली नस एका अरुंद खोबणीतून जाते. ती सुजली तर फुगायला जागाच नसते. आत दाब वाढतो, रक्त पोहोचत नाही, आणि काही आठवड्यांत करंगळी व शेजारचं बोट वळायला लागतं. एका शिबिरात अशी एक तरुण बाई आली होती. गोळ्यांचं पाकीट सुरू केल्यावर तिसऱ्या महिन्यात कोपर दुखायला लागलं. तिला वाटलं, गोळ्यांनीच हात बिघडतोय. तिने पाकीट बंद केलं, कुणाला सांगितलं नाही. आली तेव्हा नऊ महिने झाले होते. मी तिच्या कोपरामागे बोट ठेवलं. नस बाजरीच्या ताटासारखी जाड आणि कडक लागली. तिच्या तळहातावर चहाच्या कपाचा भाजल्याचा फोड होता आणि तिला तो माहीतच नव्हता. पहिल्या काही महिन्यांत सूज आवरणारं प्रेडनिसोलोन मिळालं असतं, पाकीट चालू ठेवून, तर तो हात बहुधा परत आला असता. नऊ महिन्यांनी बोट पूर्ण सरळ होण्याची आशा मी तिला देऊ शकलो नाही.

म्हणून इथे बसलेल्या आशाताईंना, परिचारिकांना आणि गावातल्या डॉक्टरांना मी कळकळीने सांगतो. गोळ्या घेणाऱ्या माणसाने “कोपर दुखतंय”, “पाय ओढतोय”, “चट्टा अचानक लाल झाला” असं म्हटलं, तर त्याला त्याच आठवड्यात पाठवा. पुढच्या महिन्याच्या पाकिटाची वाट पाहू नका.

वेळ संपत आली आहे. सभागृहाच्या मागच्या दाराशी दोन सूक्ष्मदर्शक मांडून ठेवले आहेत. त्यातलं पितळी नळीचं जुनं यंत्र शाळेने आजच्यापुरतं दिलं आहे, तेच ते. त्याच्याखाली पुवाची काचपट्टी आहे. दुसऱ्याखाली न्यूमोनियातून सावरू लागलेल्या फुप्फुसाची. तिच्यात एक मोठी पेशी मधोमध आणून ठेवली आहे. नीट पाहिलंत तर तिच्या पोटात आकसलेल्या दोन न्यूट्रोफिल दिसतील, अख्ख्या, आणि त्यांच्याभोवती हवेच्या फुग्याची भिंत, कुठेही न तुटलेली. फोकसचं चाक फार हळू फिरवा. काच नाजूक आहे, आणि मुलांना आधी पाहू द्या.